फाइल जाऊन नाई राह्यली

आमच्या शाळेच्या ऑफिसात बाबूजींना काहीही सांगितलं, की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "हे तुले कोनं सांगतलं?" मग ती बातमी तपासणीला साहेब येण्याची असो, नाही तर त्यांच्या पुढ्यात ठेवलेल्या चहाची. एकदा मी म्हटलं, "बाबूजी, तुमच्या शर्टाले मांगून शाई लागली." मान वर न करता त्यांनी विचारलं, "कोनं सांगतलं?" मी म्हटलं, "मले दिसून राह्यली ना." त्यावर ते खुर्चीसकट वळले आणि म्हणाले, "तू मांगून काऊन पाहून राह्यली व?"

बाबूजी म्हणजे आमचे वरिष्ठ लिपिक. गावात, शाळेत, संस्थेत सगळे त्यांना बाबूजीच म्हणत. धामणगाव बढ्याच्या अलीकडच्या एका मोठ्या गावात आमची शाळा, आणि तिचं ऑफिस म्हणजे दोन टेबलं, चार कपाटं आणि रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी. माझे वडील याच शाळेत शिपाई होते. ते नोकरीत असतानाच गेले आणि अनुकंपावर मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागले. शाळेत कनिष्ठ लिपिक एकच, ती मी. तीन वर्षं धड गेली तर कायम, नाही तर घरी. घरी आई आणि शिकणाऱ्या दोन बहिणी होत्या, आणि हे तीन वर्षांचं कोडं सुटणं न सुटणं बरंचसं बाबूजींच्या शब्दावर होतं. म्हणून मी त्यांना कधी उलटून बोलले नाही.

उंच, वाळके, कायम पांढरा शर्ट. कपाटाला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघत. मग फाटकापर्यंत जात, तिथून परत येत आणि चौथ्यांदा ओढत. पाकीट चिकटवलं की जोडावर सही करत आणि उजेडात धरून बघत, की आतलं काही बाहेरून वाचता येतं का. डबा खाताना भिंतीकडे तोंड. फोनवर नाव दिसत असलं तरी "कोन?" विचारायचंच, कारण "आवाज काढता येते लोकाइले". त्यांची सासरवाडी लोणारची. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, दर दिवाळीला जायचे, पण सरोवरात खाली उतरले नाहीत ते नाहीतच. दरवेळी काठावर पिशव्या सांभाळत बसायचे. "समदे खाली गेले तं वर कोन काय करते, हे कोन पाहीन?" असं ते मला अगदी गंभीरपणे म्हणाले होते.

कॉम्प्युटर येईपर्यंत त्यांचा संशय माणसांपुरता होता. तो आल्यावर त्यांना आयुष्यभराचं काम मिळालं.

एका बोटानं टाइप करत. अक्षर सापडलं की तो शब्द मोठ्यानं म्हणत, नाही तर चुकतो म्हणे. "महोदय... उपरोक्त... विषयान्वये..." असं अख्खं पत्र तोंडानं आधी आणि बोटानं मागून व्हायचं. आणि सरकारी कागदांचे सहा गठ्ठे करायची जी जुनी पद्धत आहे, ती त्यांनी जशीच्या तशी कॉम्प्युटरात आणली. सहा फोल्डर. सहाव्याचं नाव 'नाश'. शनिवारी अर्धी शाळा सुटली, की नाशाचा कार्यक्रम. मी फाइलचं नाव वाचायचं, त्यांनी वहीत लिहायचं, मग डिलीट दाबायचं. ती कचऱ्याच्या डब्यात पडली का ते उघडून बघायचं, डबा रिकामा करायचा, आणि वर त्याच नावानं पुन्हा शोधून बघायचं, की कुठं लपून तर बसली नाही. मग दोघांच्या सह्या.

अधूनमधून एखादी फाइल जायची नाही. कॉम्प्युटर सांगायचा, की ती वापरात आहे, दुसरीकडे उघडी आहे. बाबूजींना तेव्हा जो आनंद व्हायचा तो बघण्यासारखा असायचा. इतकी वर्षं ते जे सांगत होते, ते शेवटी एका यंत्रानं मान्य केलं होतं. "पाह्य! मी म्हनत नव्हतो, कोनीतरी आत हाये?" बहुतेक वेळा ती त्यांनीच उघडून स्क्रीनच्या खालच्या पट्टीत दडवलेली असायची. मी बंद करून द्यायची आणि ते चिठ्ठीवर वेळ लिहून ठेवायचे.

पण यातून ते एक गोष्ट शिकले, आणि ती मात्र हुशारीची होती. फाइल एकानं उघडून ठेवली, की दुसऱ्याला तिच्यात हात घालता येत नाही. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ते आणि मी, दोघंही बसायचो. त्यातल्या फायली मुख्याध्यापकांच्या केबिनमधल्या कॉम्प्युटरवरही दिसायच्या, तशी जोडणी केलेली होती. मुख्याध्यापक, म्हणजे आमचे सर, मीटिंगला बाहेरगावी गेले, की बाबूजी केबिनमध्ये जायचे, 'गोपनीय' नावाचं फोल्डर तिथून उघडायचे, त्यातल्या सगळ्या फायली एकदम निवडून एंटर मारायचे, केबिनला कुलूप लावायचे आणि किल्ली खिशात टाकायचे. एस.टी.च्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकावा, तसला हा प्रकार. मग मी दिवसभर इकडे काहीही केलं तरी त्या फायली मला बदलता येत नसत. हे सगळं ते मला आडून सांगायचे, म्हणजे मला वचक बसावा.

मग तो तुकडीचा गोंधळ झाला.

आठवीची एक तुकडी पटाअभावी बंद करावी लागेल, असं पत्र सरांच्या सांगण्यावरून बाबूजींनी टाइप केलं. पत्र पाकिटात जायच्या आत पन्नास पालक फाटकाशी उभे. संस्थेचे अध्यक्ष गाडी घेऊन आले आणि सगळ्यांसमोर सरांना नाही नाही ते बोलले. सर शिकलेले पुण्याकडचे, आवाज कधी चढत नसे. पण त्या दिवशी मीटिंगमध्ये ते म्हणाले, "ऑफिसातली माहिती ज्यानं बाहेर दिली, तो सापडला तर मी त्याला एक दिवस ठेवणार नाही."

बाबूजींनी त्या क्षणी माझ्याकडे पाहिलं. माझा चुलतभाऊ रोज आमच्या खिडकीखालच्या चहाच्या टपरीवर बसायचा, आणि हे त्यांना ठाऊक होतं.

त्या दिवसापासून महत्त्वाचं पत्र असलं, की ते मला बाहेर पाठवायचे. "जाय, व्हरांड्यात बस." मी व्हरांड्यात बसायची आणि तिथं मला पत्रातला शब्दन् शब्द ऐकू यायचा. "शिक्षणाधिकारी... यांचे... सेवेशी..." टपरीचं बाकडं तर खिडकीच्या दोन हातांवर. बातमी कुठून जाते, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. शिपायाला माहीत होतं, निम्म्या शिक्षकांना माहीत होतं. पण बाबूजींना सांगणार कोण? त्यांनी काय विचारलं असतं, ते सगळ्यांना पाठ होतं. आणि माझी तीन वर्षं पुरी व्हायला दोन महिने राहिले होते. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला आजही लाज वाटते, पण तेव्हा त्याला मी शहाणपण समजत होते.

एका गुरुवारी सर मोताळ्याला मीटिंगला गेले होते. दुपारी बाबूजी एस.टी. डेपोला पत्र लिहीत होते. शाळेच्या मुलींसाठी सकाळची बस शाळेसमोर थांबावी, असा विषय. त्यात गुपित काही नव्हतं, म्हणून मी आत होते. टपरीवाले काका चहा घेऊन आले, ग्लास ठेवले आणि म्हणाले, "बाबूजी, साडेनऊ नोका लिवू. थे गाडी नऊ वीसले येते."

"हे तुले कोनं सांगतलं?"

"गाडीचं?"

"म्या साडेनऊ लिवलं, हे."

काका हसले. "तुमीच तं सांगून राह्यले. आमाले बाकावर समदं आयकू येते."

बाबूजींचं बोट हवेत तसंच राहिलं. "कवापासून?"

"लय दिवस झाले. कॉम्प्युटर आला तवापासून."

"तुकडीचं बी?"

"हाव. तुकडीचं बी तुमीच वाचलं ना. आमाले वाटे, तुमी मुद्दाम आमच्यासाठी मोठ्यानं वाचता. लोक म्हनत, बाबूजी लय चांगला मानूस."

काका टपरीवर परत गेले. बाबूजींनी खिडकीतून वाकून बाकडं पाहिलं. मला आतून हसू फुटत होतं, ते मी हजेरीपटात तोंड घालून दाबलं. पुढे काय वाढून ठेवलंय, याची मला काही कल्पना नव्हती.

अर्ध्या तासानं कॉम्प्युटरचा चूक झाल्याचा टुणकन आवाज यायला लागला. एकदा, दोनदा, दहा वेळा. मग हाक आली.

"पोरी, इकडं ये. एक फाइल जाऊन नाई राह्यली."

"कोनती?"

"कोनती ते तुले काय कराचं? जाऊन नाई राह्यली, इतकं आयक."

जाऊन बघते तो स्क्रीनसमोर एका जुन्या रजिस्टरचा पुठ्ठा उभा केलेला. नाव बदलून पाहिलं, दुसरीकडे हलवून पाहिलं, सगळं झालं होतं. मी विचारलं, "कॉम्प्युटर काय म्हनते?" त्यांनी पुठ्ठा चार बोटं सरकवला आणि वाचलं, "सिस्टममध्ये उघडी हाये म्हनते. सिस्टम म्हंजे कोन? इथं तं तू आन मी दोघंच हावो."

"सिस्टम म्हंजे मानूस नाई, बाबूजी. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून उघडली असन. म्हंजे सरांच्या."

पुठ्ठा त्यांच्या हातातून खाली पडला आणि त्यांनी तो झटकन उचलून पुन्हा लावला. "म्हंजे सरांनी वाचली?"

"मले काय मालूम? पन कोन्या कॉम्प्युटरवर कोनती फाइल उघडी हाये, याची यादी दिसते. दाखवू काय?"

"तू नोको पाहू. तू सांग, मी पाह्यतो."

म्हणून मी कपाटाकडे तोंड करून उभी राहिले आणि पाठमोरी सांगायला लागले. इथं उजवं बटण दाबा, तिथं मॅनेज लिहिलंय ते दाबा. पहिल्यांदा त्यांनी कॅलेंडर उघडलं. दुसऱ्यांदा प्रिंटर सुरू झाला आणि डेपोच्या पत्राच्या तीन प्रती निघाल्या. चार वाजायला आले होते आणि साडेचारच्या गाडीनं सर परतणार होते. तिसऱ्यांदा काही होईना, तेव्हा ते थकलेल्या आवाजात म्हणाले, "वळ."

मी वळले. माऊस घेतला, यादी उघडली. चौदा ओळी होत्या, सगळ्या सरांच्या केबिनमधून उघडलेल्या. चौथी ओळ अशी होती: 'कनिष्ठ लिपिक, माहिती फोडल्याबाबत अहवाल'.

त्या ओळीनंतरच्या दहा ओळी मला दिसल्याच नाहीत. दिसल्या असत्या तर त्या एकदम कुणी उघडल्या असतील, हे तिथंच कळलं असतं. मला फक्त घरातली आई दिसली, आणि सरांचं ते वाक्य कानात आलं.

"हे माह्याबद्दल हाये?"

"हाव."

"तुमी लिवलं?"

"हाव. परवा लिवलं. शनिवारी सरांच्या म्होरं ठेवनार होतो."

"खरं हाये?"

"खरं असतं तं पुसाले तुले बोलावलं असतं काय?"

मला रडू आलं नाही, राग आला. वडिलांच्या जागेवर लागलेल्या मुलीबद्दल हा माणूस परवा एका बोटानं तासभर हे टाइप करत बसला असेल, आणि मी तेव्हा त्यांच्या सांगण्यावरून व्हरांड्यात बसले असेन. वाटलं, माऊस टाकून निघून जावं. पडू दे फाइल तशीच. पण ती राहिली तर बुडणार कोण, तर मीच. तेव्हा माझ्यावरचा आरोप मीच माझ्या हातानं पुसायला घेतला. त्या ओळीवर उजवं बटण, उघडी फाइल बंद करा, हो. मग डिलीट. गेली. बाबूजींनी सवयीनं कचऱ्याचा डबा उघडून बघितला, रिकामा केला, पुन्हा शोधलं. मिळाली नाही.

आम्ही एकमेकांशी काही बोलायच्या आत व्हरांड्यात सरांचा आवाज आला. बाबूजी किल्ली घेऊन उठले, केबिन उघडली आणि सर खुर्चीत बसायच्या आधीच उभ्या उभ्या सांगून मोकळे झाले. "सर, तुमी जे वाचलं थे खोटं हाये. पोरीनं काई नाई केलं. म्या संशयानं लिवलं."

मी दारात उभी होते. सरांनी बॅग खाली ठेवली. "काय वाचलं मी?"

"थो अहवाल. सकाळी तुमच्या कॉम्प्युटरवर उघडला होता."

"बाबूजी, मी आज केबिनमध्ये पाऊल टाकलेलं नाही. घरूनच परस्पर मोताळ्याला गेलो."

सरांनी स्क्रीन लावला. तेरा फायली ओळीनं उघड्या होत्या, आणि चौदावीच्या जागी ती सापडत नसल्याची सूचना. सकाळी बाबूजींनीच सगळ्या एकदम निवडून एंटर मारला होता, आणि परवाचा नवा अहवालही त्यात आपोआप आला, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. ज्या 'कुणी'ला आम्ही तासभर घाबरत होतो, ते कुणी नव्हतंच. सरांना यातलं काहीएक माहीत नव्हतं. बाबूजी गप्प राहिले असते, तर कधी कळलंही नसतं.

पण आता कळलं होतं. सर माझ्याकडे बघत बाबूजींना म्हणाले, "तुम्ही इतकी वर्षं काम केलेलं. काही तरी दिसल्याशिवाय असं लिहिणार नाही तुम्ही." आणि पुढे, "हिच्या कायम होण्याचा प्रस्ताव पुढच्या आठवड्यात जायचा आहे. तो तूर्त थांबवू. चौकशी होऊ दे."

फाइल गेली होती, पण तिच्यातला संशय आता सरांच्या डोक्यात बसला होता, आणि तो काढायला माझ्याकडे कुठलंही बटण नव्हतं.

"चौकशी कायची?" बाबूजी म्हणाले. "फोडलं थे म्या फोडलं. मी मोठ्यानं वाचतो आन खिडकीखाली समदे आयकतात. टपरीवाल्याले इचारा."

सर म्हणाले, "हे लेखी द्यावं लागेल. अध्यक्षांपुढे ठेवायला मला कागद लागेल. आणि मग तुम्हाला लेखी ताकीद दिल्याशिवाय माझी सुटका नाही. निवृत्तीला पाच महिने राहिलेत तुमचे. विचार करा."

"देतो," बाबूजी म्हणाले.

ते टेबलाशी येऊन बसले आणि एका बोटानं टाइप करायला लागले. मी लिहून देऊ का, असं मी विचारलं नाही. माझा राग तेवढा उतरला नव्हता. "मी... खाली सही करणार... असे लिहून देतो की... कनिष्ठ लिपिक यांचा... काहीही दोष नसून..." एकेक शब्द मोठ्यानं. खिडकी सताड उघडी होती. बाकड्यावरचं बोलणं हळूहळू थांबलं. काकांनी स्टोव्ह बारीक केला, तेही मला आतून कळलं. खिडकी त्यांनी मुद्दाम उघडी ठेवली की सवयीनं राहिली, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. पण संध्याकाळी मी घरी पोचायच्या आधी आईला सगळं माहीत होतं.

माझा प्रस्ताव गेला. तीन वर्षं पुरी झाली आणि मी कायम झाले. बाबूजी माझ्याशी पूर्वीसारखेच वागत राहिले, कपाटाचं कुलूप चारदा ओढत राहिले, मला आडून टोमणे मारत राहिले. मी मात्र कामापुरतं बोलायची.

मग ताकिदीची प्रत आली आणि तिची नोंद त्यांच्या सेवापुस्तकात घ्यायची वेळ आली. सगळ्यांची सेवापुस्तकं तेच लिहायचे, पण आपलं आपण लिहायचं नसतं. ते माझ्याकडे आलं. पहिल्या पानावर त्यांचा तरुणपणीचा फोटो होता, आणि पुढे पानामागून पान वेतनवाढी, रजा, वेतनवाढी, रजा. शिक्षेची एक ओळ नाही. पेन हातात घेऊन मी थांबले. सरांच्या ताकिदीत दोन वाक्यं होती. पहिलं, टंकलेखन करताना निष्काळजीपणा. दुसरं, सहकारी कर्मचाऱ्याविरुद्ध खोटा अहवाल तयार करणे. मी पहिलं लिहिलं आणि पेनाचं टोपण लावायला घेतलं.

मान वर केली तर बाबूजी मागे उभे.

"तुमी इथं काऊन उभे?"

"तू दुसरं वाक्य गाळशीन म्हनून."

त्यांनी बोटानं ती रिकामी जागा दाखवली. "लिव. अक्षर कमी करू नोको."

मी लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, ताकिदीच्या प्रतीशी ताडून पाहिलं आणि डबा घेऊन घरी गेले. तीन वर्षांत माझ्यावर त्यांनी घेतलेल्या सगळ्या संशयांपैकी तो एकच खरा होता.